बोलली का येऊ

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातलं माझ्या नवऱ्याचं, कुंदनचं, कंत्राटी काम सुटलं, तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे पडले. मला मात्र आतल्या आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. एकच मोरी, एकच नळ, एकच गॅसची शेगडी आणि तिथे लग्नापासून समोरासमोर उभ्या असलेल्या मी आणि माझी जाऊ. तिथून निघायला मला फक्त एक कारण हवं होतं. ते आपल्या पायांनी चालत आलं.

कारणामागोमाग वाटही आली. कुंदनबरोबर रावजी नावाचा पेठकडचा माणूस कामाला होता. त्याचंही काम त्याच दिवशी सुटलं. निरोप घ्यायला आला तेव्हा चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "आमच्या खोऱ्यात एक पन गिरनी नाय. बाया नागलीची पाटी डोक्यावर घेऊन डोंगर वलांडून बाजाराच्या गावाला जात्यात दळायला." झालं! कुंदनला इंजिन कळतं, मला माणसं कळतात आणि भाकरी सगळ्यांनाच लागते. रावजी फाटकाबाहेर पडेपर्यंत मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली होती.

इंजिन दिलं यादवदादाने. हा माझा मोठा भाऊ, देवळ्याला कांदा करतो. विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून त्याचं डिझेल इंजिन गोणपाटाखाली पडून होतं. "घेऊन जा," तो म्हणाला. "पण साधे, नीट ऐक. यंदा लोडशेडिंगने जीव नकोसा केलाय. संक्रांतीपर्यंत तुमची गिरणी चालली, तर इंजिन तुझं, मी माझं बघीन. नाही चालली, तर लागवडीला मला ते विहिरीवर पाहिजे. आणि मग तुम्ही दोघांनी हट्ट न करता एकलहऱ्याला परत जायचं. तिथे कुंदनच्या मोठ्या भावाचं घर तरी शे." दादाच्या बोलण्यात मध्येच असं अहिराणी डोकावतं, आणि ते डोकावलं की त्याचा निर्णय पक्का झाला असं समजायचं. मी मान हलवली. परत जायचं म्हणजे त्या मोरीत. छे!

अट कुंदननेही घातली. टेम्पोत सामान चढवताना तो हळूच म्हणाला, "साधना, तिथे गेल्यावर तोंड जरा आवर हं. परकी माणसं. पहिल्याच महिन्यात कुणाशी वाजवून ठेवू नकोस."

"मी कधी वाजवते?"

त्याने जावेच्या दाराकडे बोट दाखवलं. मग मी कबूल केलं, की या, बसा, हो आणि नाही, एवढंच बोलेन.

सावळघाट उतरून पेठच्या पुढे टेम्पो कच्च्या रस्त्याला लागला आणि मला वेडच लागायचं राहिलं. दसरा नुकताच झालेला. उतारांवर नागलीची कापणी चाललेली, प्रत्येक अंगणात तांबूस कणसांचे ढीग. जिकडे पाहावं तिकडे धान्य आणि दळणारे आम्ही एकटे! उंबरमाळला रावजीच्या घराची पडवी आम्हाला मिळाली. रावजी स्वतः द्राक्षबागेत छाटणीला निघून गेला होता. घरात त्याची बायको साळूबाई. ती आमच्यासाठी पडवी सारवून, भाकरी करून वाट बघत होती. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी म्हटलं, "बसा."

कुंदनने इंजिन बसवलं ते बघण्यासारखं होतं. पेठहून येताना बाजाराच्या गावी आम्ही तिथली गिरणी पाहिली होती. पाहिली कसली, ऐकली. पत्र्यावर कुणी हातोडा मारत बसल्यासारखा आवाज. कुंदनने नाक मुरडलं होतं. "काय भंगार आहे! ह्या मालकाला साधा सायलेन्सर लावता येत नाही?" आणि मग त्याने आपल्या गिरणीला सायलेन्सर केला. जमिनीत खड्डा घेऊन त्यात लोखंडी ड्रम पुरला, त्याच्याभोवती वाळू भरली, धुराची नळी त्यातून फिरवून मागच्या ओढ्याकडे काढली. नारळ फोडून इंजिन सुरू केलं, तर नुसती गुरगुर. जात्यात धान्य पडतं त्याचीसुद्धा सरसर ऐकू यावी.

"ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू?"

"तेच! काही नाही ना येत ऐकू?" त्याचा चेहरा असा फुलला होता, की मला त्याचा अभिमान वाटला. खरंच वाटला.

आजूबाजूची घरं लगेच दळायला आली. पीठ मऊ, लाही केल्यासारखं हलकं. सगळ्यांनी नावाजलं. पण डोंगरावरच्या पाड्यांतून कुणी फिरकेना. पिठाची गिरणी वाडीतल्या मोजक्या घरांवर चालत नाही, तिला खोरं लागतं. बरं, त्यांना आम्ही आल्याचं माहीत नव्हतं असंही नाही. लाकूडफाट्याला खाली उतरलेल्या बाया आमच्या दारात उभ्या राहून पट्टा, जातं सगळं डोळे भरून बघून जायच्या. आणि दळणाच्या दिवशी पाट्या घेऊन डोंगर ओलांडून पलीकडे त्या भंगाराकडे जायच्या!

एक दिवस मला राहवेना. मी साळूबाईला विचारलं, "साळूमावशी, वरच्या पाड्यातल्या बाया आपल्याकडे का येत नाहीत?"

साळूबाई सुपात नागली पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलतच नाय ना. कोन येईल? बोलाया लागली का येतील."

मी थक्क झाले. म्हणजे मी बोलत नाही म्हणून! लोकांना वाटलं, शहरातली बाई आलीय, नाक वर करून बसलीय, आल्यागेल्याशी धड चार शब्द बोलत नाही. आणि मी इथे दातांवर दात दाबून जीव गुदमरवत होते, ते कशासाठी? गिरणी चालावी म्हणून! आधी मला कुंदनचा राग आला, आणि मग असा काही आनंद झाला की विचारू नका. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला सांगत होतं, की बाई, तू कमी बोलतेस.

"कुंदन!" मी पडवीतून ओरडले. लोकांदेखत 'अहो', घरात कुंदन, असा आमचा नेम, पण त्या दिवशी तो मोडला. "तुझी अट गेली उडत. लोकांना मी बोलायला हवी आहे!"

दुसऱ्या दिवसापासून मी सुटले. सकाळचं आवरलं की चपला घालायच्या आणि एकेक पाडा गाठायचा. जिथे दार उघडं दिसेल तिथे बसायचं. मी त्यांना एकलहऱ्याच्या धुराड्यांबद्दल सांगितलं, दोरीवरचे कपडे राखेने कसे काळे पडतात ते सांगितलं. देवळ्याच्या कांद्याबद्दल सांगितलं. जावेबद्दल तर रंगवून रंगवून सांगितलं. तिने नळाखाली आपली कळशी आधीच लावून ठेवायची आणि मी ती पायाने सरकवायची, हे ऐकताना बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांनीही मला त्यांच्या जावा सांगितल्या. कुणी नागलीची गरम भाकरी आणि उडदाची चटणी पुढे केली, कुणी गुळाचा कोरा चहा दिला. नावं पाठ झाली, कुणाच्या पोरीचं कुठे ठरतंय ते कळलं. मी इतकी खूश कधीच नव्हते. एकलहऱ्याला माझ्या बोलण्याने लोक दारं लावून घ्यायचे, इथे माझ्यासाठी घोंगडी अंथरायचे.

सगळ्यात जास्त जमलं ते वरच्या पाड्यातल्या कुसाबाईशी. ती माझ्याहून वयाने बरीच मोठी, बारीक चणीची आणि त्या पाड्यावर तिचा शब्द चालायचा. ती निघाली की बाकीच्या निघायच्या. निघताना मी दर वेळी म्हणायचे, "मग, येता ना दळायला?"

आणि ती दर वेळी हसून म्हणायची, "येऊ ना बाई. बोलली का येऊ."

घरी येऊन मी पाय चोळत कुंदनला सांगायचे, "अजून थोडं बोलायला हवं."

"अजून?" तो म्हणायचा. "आता तुझं सांगायचं काय उरलंय?"

खरंच काही उरलं नव्हतं. संक्रांत तोंडावर आली. गिरणी तीच, गुरगुरणारी, रिकामी. आणि एका संध्याकाळी जीपवाल्याकडून दादाचा निरोप आला, 'मंगळवारी पिकअप घेऊन येतोय. सामान बांधून ठेवा.' कुंदनने अवजारांचा डबा उघडला आणि एकेक पाना पुसून जागेवर ठेवायला लागला. ते बघून मला रडू आलं. मला परत जायचं नव्हतं. हे डोंगर, ही माणसं, माझं माझं दार, माझी माझी चूल. हे सोडून त्या मोरीत मी जाणार नव्हते.

मंगळवारी सकाळीच मी वरच्या पाड्याची वाट धरली. शेवटचं बोलून बघायचं. कुसाबाईच्या अंगणात बाया पाट्या भरून बसलेल्या. नागली, वरई, तांदळाची कणी. म्हणजे दळणाचाच दिवस! पण सगळ्या नुसत्या बसून होत्या.

"कुसाबाई, आज तरी खाली चला," मी म्हटलं. "आज नाही आलात तर उद्या गिरणीच नसेल. माझा भाऊ इंजिन न्यायला येतोय."

"येते ना बाई. पन आधी बोलू तर द्या."

"आता आणखी काय बोलू?" माझा पाराच चढला. "घसा बसला माझा बोलून बोलून! माझ्या जावेची कळशीसुद्धा तुम्हाला पाठ झाली!"

कुसाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही लय बोलता वं. तुमचं बोलनं लय ग्वाड. पन तुम्ही बोलून काय उपेग? ती कुठं बोलती?"

"ती कोण?"

तिने एकदम हात वर केला. "चूप. ऐका."

अंगणातल्या सगळ्या बाया गप्प झाल्या. पलीकडच्या उतारावरून, वाऱ्याबरोबर, अगदी बारीक पण स्वच्छ आवाज आला. टुक्... टुक्... टुक्... टुक्...

"ती बघा, बोलली," कुसाबाई म्हणाली आणि सगळ्या कमरेला पदर खोचून उठल्या.

मी कपाळाला हात लावून तिथेच खाली बसले. गिरणी! गिरणी 'ती' आणि मीही 'ती'. बोलत नव्हती ती गिरणी, आणि मी मात्र सबंध खोरं डोक्यावर घेतलं होतं.

"न बोलता कोन जाईल बाई?" कुसाबाई चुंबळ डोक्यावर ठेवत सांगत होती. "येवढं वझं घेऊन डोंगूर उतरायचा, आन् गिरनी बंद आसली, डिझेल नसलं, मालक लगनाला गेला आसला, तर तेच वझं परत वर आनायचं का? ती बोलली म्हंजे चालू हाय, येवढं आमाला कळतं. तुमची मुकी हाय. चालू हाय का बंद, इथून आमी काय वळखनार?"

"पाटी खाली ठेवा," मी म्हटलं.

"आँ?"

"सगळ्यांनी पाट्या खाली ठेवा. आज बोलेल. ऊन त्या जांभळीच्या बुंध्याशी येईपर्यंत बोलेल."

"आन् नाय बोलली तर?"

"तर तुमची पाटी मी माझ्या डोक्यावर घेऊन पलीकडे जाईन."

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग कुसाबाईने पाटी खाली ठेवली, म्हणून बाकीच्यांनीही ठेवल्या. मी धावत सुटले. उतारावर एक चप्पल तुटली, ती हातात घेतली, मग दुसरीही काढली. वाटेतल्या पाड्यांमधून ओरडत गेले, "थांबा गं, पलीकडे जाऊ नका! आज आपली बोलणार आहे!" काटे रुतले असतील, मला कळलं नाही.

खाली दादाची पिकअप उभी होती. दादा आणि कुंदन वाकून इंजिनाच्या पायाचे बोल्ट सोडत होते.

"आवळा!" मी ओरडले. "बोल्ट परत आवळा! सायलेन्सर काढा!"

"साधे, आता हट्ट पुरे," दादा पाठ सरळ करत म्हणाला. "मला उजेडात घाट चढायचाय. रोपं उपटून पडलीत तिकडे."

मी धापा टाकत सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं, पण सांगितलं. ऐकता ऐकता कुंदनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने त्या पुरलेल्या ड्रमकडे पाहिलं. किती मनापासून केला होता तो त्याने!

"म्हणजे त्या भंगारासारखं करू म्हणतेस?" तो हळू आवाजात म्हणाला.

"हो. अगदी त्याच्यासारखं. जमलं तर त्याच्याहून वाईट."

मला त्याची फार दया आली, पण मी मागे हटले नाही. मग त्याने फावडं उचललं आणि वाळू उपसायला लागला. मी बोल्ट आवळले. साळूबाईने पडवीतलं सामान मागे सरकवलं. धुराची नळी सोडवून कुंदनने ती सरळ उभी केली, पत्र्यातून वर काढली आणि हँडल मारलं.

भड् भड् भड् भड्. आवाज मोठा, पण बसका. ओढ्यापर्यंत जाऊन विरून जाणारा.

"असा नाही जायचा लांब," दादा हात धुता धुता म्हणाला. "आम्ही पोरं लहान होतो तेव्हा देवळ्याला वाण्याची गिरणी होती, अजून वीज यायची होती गावात. तिच्या नळीच्या तोंडावर एक झाकण असायचं, सैल. धुराच्या धक्क्याने ते वर उडायचं आणि परत आपटायचं. आम्ही मळ्यात असलो तरी..." बोलता बोलता त्याने कुंदनच्या भंगाराच्या ढिगातून एक जाड लोखंडी वाटी उचलली. कुंदनला तिला भोक पाडायला लावलं, तार ओवली, ओट्यावर पाय देऊन भिंतीवर चढला, आणि नळीच्या तोंडावर ती वाटी अशी अडकवली की ती पडणार नाही पण नाचेल. हा माणूस इंजिन न्यायला आला होता! मी एक अक्षर बोलले नाही.

कुंदनने पुन्हा हँडल मारलं.

टुक्! टुक्! टुक्! टुक्!

कोंबड्या पळाल्या. समोरच्या डोंगराने तो आवाज परत फेकला. माझ्या छातीत तो घुमला, आणि मी दोन्ही हात वर करून नाचलेच. साळूबाई दारात येऊन टाळ्या पिटत होती, "बोलली वं बाय, बोलली!"

मग आम्ही वाट बघत बसलो. ऊन सरकत होतं. समोरची वाट रिकामी, उतार रिकामे. आवाज चालूच. दादाने एकदा घड्याळ बघितलं, एकदा पिकअपकडे. "साधे," तो माझ्या कानाशी ओरडला, "मी आता जास्त..."

मी त्याचा दंड धरला. वरच्या पाड्याच्या वळणावर डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई दिसली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी. मग डावीकडच्या उतारावरून एक रांग निघाली. ओढ्यापलीकडून दुसरी. जिथे जिथे मी कोरा चहा प्यायले होते तिथून सगळीकडून बाया येत होत्या आणि ज्यांना मी कधीच भेटले नव्हते अशाही येत होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली.

पहिली आली ती कुसाबाई. माझ्याकडे न बघता ती थेट इंजिनासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोललीस का एकदाची?" मग तिचं लक्ष दादाकडे गेलं. "हे कोन?"

"माझा भाऊ!" मी ओरडून सांगितलं. "इंजिन न्यायला आलाय!"

कुसाबाईने आपली पाटी दादाच्या पायांसमोर ठेवली. तिच्यामागून आलेल्या बायांनी तिच्या पाटीला लागून आपापल्या पाट्या ठेवल्या. बघता बघता इंजिन आणि पिकअप यांच्यामध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसत्या पाट्या, आणि शेजारी पाय पसरून बसलेल्या बाया. दादाने त्या रांगेच्या टोकापर्यंत नजर नेली. मग सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कुसाबाईची पाटी स्वतः उचलून जात्यात ओतली.

दिवसभर आम्ही कुणी खाली बसलो नाही. कुंदन जात्यापाशी, मी पीठ भरायला, दादा पाट्या उचलायला. त्याच्या मिशा, भुवया सगळं पांढरं झालं होतं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, पण त्या टुकटुकाटात माझं कुणाला ऐकू येईना, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. ऊन कलल्यावर शेवटची बाई पाटी घेऊन गेली, तेव्हा दादा अंग झटकत पिकअपकडे गेला. रिकाम्या पिकअपकडे.

"दादा, तुझी लागवड?"

"शेजारी लखनचं इंजिन शे. दोघं मिळून भरू पाणी. जड जाईल, पण भरू." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो पिठाने भरलेला होता. "चालली तर तुझं म्हटलं होतं ना? चालली." मला हुंदका आवरला नाही. त्याने साळूबाईने बांधून दिलेलं नागलीचं पीठ शेजारच्या सीटवर ठेवलं आणि गाडी सुरू केली.

कुंदनने जात्याचा पट्टा उतरवला आणि इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"थांब," मी त्याचा हात धरला. "दादा वरच्या वळणावर पोचू दे."

"अगं, डिझेल फुकट जातंय."

"जाऊ दे."

आम्ही दोघं दारात उभे राहिलो. पिकअप धूळ उडवत चढ चढत गेली, झाडांत दिसेनाशी झाली, पुन्हा वर वळणावर दिसली आणि तिथे थांबली. दार उघडून दादा खाली उतरला. बराच वेळ तो आमच्या बाजूला तोंड करून उभा होता. मग आत बसला. जाताना त्याने हॉर्न दिला असेल, नसेलही, आमच्या आवाजात आम्हाला काही ऐकू आलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर मी कुंदनला म्हटलं, "आता कर बंद."